दोषमुक्तीनंतरचे अपील : अमली पदार्थांच्या कटाच्या खटल्यांसंबंधी काही विचार



एका विधिज्ञाच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा प्रशस्त विषयांचा शिरस्ता पडलेला असताना, मी आपल्यापुढे मुद्देमालाच्या पुड्या, पंचनामे आणि लाखेची सीले घेऊन उभा राहावे हे आपणांपैकी कित्येकांस थोडे रूक्ष वाटेल. तरीही हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. अमली पदार्थांच्या एखाद्या गाजलेल्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले, की लोकांचा संताप उसळतो, आणि त्या संतापास उत्तर म्हणून सरकार पक्षाकडून अपिलाची घोषणा होते. पुष्कळदा ही घोषणा निकालपत्राची नक्कल हाती पडण्यापूर्वीच होते. निकालपत्र न वाचताच त्याविरुद्ध अपील करण्याचा निश्चय ज्या व्यवस्थेत होऊ शकतो, त्या व्यवस्थेत अपील या उपायाविषयी काहीतरी मूलभूत गैरसमज असला पाहिजे, अशी माझी समजूत आहे आणि त्या गैरसमजाचाच मी आज विचार करणार आहे.

प्रथम हे सांगून टाकतो, की दोषमुक्तीविरुद्ध सरकारला अपील करता येऊ नये, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. तसे मानणारे देश आहेत. इंग्लंडात ज्यूरीने निर्दोष ठरविलेल्या मनुष्याच्या मागे पुन्हा लागू नये, हा दंडक शतकानुशतके चालत आला. २००३ सालच्या कायद्याने काही गंभीर गुन्ह्यांपुरता, नवा आणि सबळ पुरावा सापडल्यास, त्याला अपवाद केला. अमेरिकेच्या संविधानातील पाचव्या दुरुस्तीने एका गुन्ह्यासाठी दोनदा संकटात न टाकण्याची हमी दिली आहे, आणि १९०४ साली फिलिपाईन्समधील एका वकिलाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सरकारच्या अपिलावरून फिरविलेली दोषमुक्ती त्या हमीचा भंग आहे, असे ठरविले. त्या निर्णयाशी असहमत असलेल्या न्या. होम्स यांचे म्हणणे असे होते, की अपील म्हणजे दुसरे संकट नव्हे. पहिल्या न्यायालयापासून अखेरच्या न्यायालयापर्यंत चालणारे ते एकच संकट आहे. अमेरिकेने होम्स यांचे ऐकले नाही. आपण मात्र त्याच्या कितीतरी आधीच, होम्स यांचे नावही ठाऊक नसताना, तो मार्ग पत्करलेला होता.

आपल्याकडे १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोषमुक्तीवर अपील निषिद्ध होते. १८७२ साली, फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधिसदस्य असताना झालेल्या संहितेने सरकारास हा अधिकार प्रथम दिला. राज्यकर्त्यांचा येथील ज्यूरींवर आणि कनिष्ठ न्यायाधीशांवर पुरता विश्वास नव्हता, हे त्यामागील एक कारण मानावयास हरकत नाही. परंतु जन्म संशयास्पद असला म्हणून एखादी संस्था आपोआप त्याज्य होत नाही. १८९८च्या संहितेत कलम ४१७ म्हणून, १९७३च्या संहितेत कलम ३७८ म्हणून आणि १ जुलै २०२४पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१९ म्हणून हा अधिकार आजवर टिकला आहे. १९७३ साली त्याला एक महत्त्वाचा लगाम घालण्यात आला, तो म्हणजे उच्च न्यायालयाची परवानगी मिळाल्यावाचून असे अपील दाखलच होत नाही. हा लगाम ज्यांनी घातला त्यांना सरकारी दफ्तराचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

अपिलात न्यायाधीशाने काय करावे, याचे उत्तर १९३४ साली प्रिव्ही कौन्सिलने शिव स्वरूप खटल्यात दिले, आणि नव्वद वर्षांनंतरही वकिलांच्या तोंडी तेच आहे. उच्च न्यायालयास सगळा पुरावा नव्याने तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु साक्षीदारांस प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचे त्यांच्याविषयीचे मत, आरोपी निर्दोष असल्याचे गृहीतक, संशयाचा फायदा मिळण्याचा त्याचा हक्क, आणि साक्षीदारांना समोर पाहण्याचा लाभ ज्याला मिळाला त्याचा निष्कर्ष सहसा न फिरविण्याचा संयम, या चार गोष्टींचा त्याने यथोचित मान राखला पाहिजे. पुढे १९६२ साली मुंबईच्या आयकर-खात्यातील खोट्या परताव्यांच्या कटाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. दोषमुक्तीविरुद्धच्या अपिलातून उद्भवलेल्या त्या प्रकरणात साताऱ्याचे सुपुत्र न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात हा विचार आणखी स्पष्ट झाला : दोषमुक्तीमुळे निर्दोषत्वाचे गृहीतक दृढ होते, अपिलातल्या न्यायालयाचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही, पण त्या अधिकाराच्या वापरात सावधगिरी वाढते. कट आणि दोषमुक्ती या दोहोंचा संबंध असलेल्या खटल्यात हे प्रतिपादन झाले, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. कारण कटाच्या पुराव्यातच अशी काही निसरडी जागा आहे, की जेथे सावध न्यायाधीशाचा पाय घसरणे सोपे आणि उतावीळ न्यायाधीशाचा पाय घसरणे जवळजवळ निश्चित.

ती जागा कोणती, हे समजण्यासाठी प्रथम अमली पदार्थांच्या कायद्याकडे पाहिले पाहिजे. १९८५पूर्वी या क्षेत्रात १८५७ आणि १८७८चे अफूचे कायदे आणि १९३०चा धोकादायक औषधांचा कायदा चालत असत, आणि त्यांतील शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांची, पुन्हा गुन्हा केल्यास चार वर्षांची, एवढीच होती. ज्या मुंबईतून माळव्याची अफू चीनकडे रवाना होत असे, आणि ज्या व्यापारातील संपत्तीतून सर जमशेटजी जीजीभाईंसारख्यांच्या धर्मादायाच्या वास्तू उभ्या राहिल्या, त्या मुंबईला हा सौम्यपणा कदाचित स्वाभाविक वाटला असेल. १४ नोव्हेंबर १९८५पासून अंमलात आलेल्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने ही स्थिती मुळापासून पालटली. व्यापारी प्रमाणाचा माल सापडल्यास किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, एक ते दोन लाखांचा दंड आणि जामिनाची जवळजवळ बंद वाट, असा त्याचा कठोर चेहरा आहे. व्यापारी प्रमाण म्हणजे गांजा वीस किलोंहून, चरस एक किलोहून, हेरॉईन अडीचशे ग्रॅमहून अधिक. ही श्रेणी २००१ सालच्या दुरुस्तीने आली. तत्पूर्वी अल्प प्रमाण आणि इतर प्रमाण एवढाच भेद होता. कलम ३५ने आरोपीच्या मनातील दोष गृहीत धरण्यास, तर कलम ५४ने ताब्यात सापडलेल्या मालावरून गुन्हा गृहीत धरण्यास वाव दिला. मात्र ताब्याचे मूळ वास्तव फिर्यादी पक्षाने आधी सिद्ध केल्यावाचून ही गृहीतके हालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निक्षून सांगितले आहे.

इतका कठोर कायदा करताना संसदेने त्याच्या उलट्या पारड्यात काही वजनेही घातली. माहिती मिळाली तर ती लेखी नोंदविली पाहिजे आणि वरिष्ठाकडे पाठविली पाहिजे. ज्याची अंगझडती घ्यावयाची त्याला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे झडती देण्याचा हक्क आहे, हे सांगितले पाहिजे. अटकेचा आणि जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठास दिला पाहिजे. या अटी पाळल्या न गेल्यामुळे जे आरोपी सुटतात, त्यांच्याविषयी लोक "तांत्रिक कारणावरून सुटला" असे म्हणतात. मला हे शब्द आवडत नाहीत. दहा वर्षांची किमान शिक्षा ज्या कागदाच्या आधारावर द्यावयाची, तो कागद नियमबरहुकूम आहे की नाही, हे पाहणे ही न्यायाचीच गोष्ट आहे.

कलम २९ हे कटाचे कलम. कट रचणारा किंवा अपप्रेरणा देणारा, पुढे प्रत्यक्ष गुन्हा घडो वा न घडो, मूळ गुन्ह्याच्याच शिक्षेस पात्र ठरतो. माल वाहणारा हमाल, ट्रकचा चालक, गोदामाचा पहारेकरी हे सापडतात. ज्याच्या पैशाने आणि ज्याच्या हुकुमाने माल निघाला तो सापडत नाही, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे हे कलम. ही गरज खरी आहे. अमली पदार्थांचा व्यापार हा निर्नायक व्यापार नव्हे. त्याला भांडवल लागते, हुंडी लागते, विश्वास लागतो. परंतु कट हा असा गुन्हा आहे, की त्याचा मुद्देमाल माणसांच्या मनात असतो. तो बाहेर आणण्यासाठी तपासी अंमलदार फोनच्या नोंदी, लॉजच्या रजिस्टरातील सह्या, आंगडियांमार्फत गेलेल्या रकमांच्या चिठ्ठ्या गोळा करतो, आणि हे सारे जमूनही गाभा रिकामाच राहिला, तर तो एका सोप्या साधनाकडे वळतो : आरोपीचा जबाब.

या जबाबांचा इतिहास मला थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण आजच्या बहुसंख्य दोषमुक्त्यांचे मूळ त्यात आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हा आपला जुना नियम. परंतु अमली पदार्थांच्या कायद्याखालील कलम ६७प्रमाणे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या किंवा महसूल गुप्तवार्तेच्या अधिकाऱ्याने घेतलेला जबाब हा पोलिसांपुढील जबाब नव्हे, असे मानून न्यायालये कित्येक वर्षे त्यावर शिक्षा देत होती. २००८ सालच्या एका निर्णयाने त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली. परिणाम असा झाला, की पकडलेला मनुष्य आपल्या जबाबात आणखी तिघांची नावे घेई, त्या तिघांचे जबाब पुन्हा चौथ्याचे नाव घेत, आणि एकमेकांच्या खांद्यावर उभ्या केलेल्या या जबाबांच्या बळावर कटाचा खटला उभा राही. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले, की हे अधिकारी पोलीस-अधिकारीच होत आणि कलम ६७चा जबाब कबुली म्हणून पुराव्यात घेता येणार नाही. त्या एका निर्णयाने देशभरातील किती कटांचे कणे मोडले असतील, ते फौजदारी न्यायालयांत वावरणाऱ्यांनीच अनुभवावे.

सहआरोपीच्या जबाबाविषयी मात्र याहूनही जुना विवेक आपल्याजवळ होता. नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९५२ साली सांगितले, की सहआरोपीच्या कबुलीपासून आरंभ करावयाचा नाही. प्रथम बाकीचा पुरावा मांडावा, तो स्वतंत्रपणे पुरेसा आहे असे वाटल्यास मनाच्या खातरजमेसाठी तेवढी ती कबुली पाहावी. त्याआधी १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने पेशावरकडील एका खटल्यात साक्षीपुराव्याच्या कायद्यातील कलम १०चा अर्थ संकुचित करून ठेवला होता : कट चालू असताना सामायिक हेतूच्या संबंधाने एकाने जे केले वा म्हटले, ते दुसऱ्याविरुद्ध चालते, कट संपल्यावर, अटकेनंतर, कोणी काय म्हटले ते चालत नाही. हे तीन दगड एकावर एक ठेवले, की पुष्कळशा कटांच्या आरोपपत्रांत खाली काय शिल्लक राहते? दोन माणसांची ओळख, दोन फोन, एखादी भेट. सोलापूरजवळच्या एका कारखान्यातून २०१६ साली ठाणे पोलिसांनी जप्त केलेल्या सुमारे १८ टन इफेड्रिनच्या प्रकरणात, परदेशातील एका बैठकीस उपस्थित असल्याच्या आधारावर एका व्यक्तीस कटात ओढण्यात आले होते. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, केवळ बैठकीतील उपस्थिती कट सिद्ध करण्यास पुरत नाही, असे म्हणून तिच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. तेथे खटला होऊन दोषमुक्ती झाली नव्हती. तथापि न्यायालयाने लावलेली कसोटी तीच.

आता अपिलाकडे येतो. माझे मत असे, की अमली पदार्थांच्या खटल्यांतील दोषमुक्तीविरुद्धची सरकारी अपिले दोन अगदी निराळ्या जातींची आहेत, आणि सरकारी कचेऱ्यांनी हा भेद ओळखला असता तर उच्च न्यायालयांचा पुष्कळ वेळ आणि सुटलेल्या माणसांच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे वाचली असती. पहिली जात कायद्याच्या प्रश्नाची. या कायद्याचा जो अर्थ आज प्रस्थापित झाला आहे, त्यातील कितीतरी भाग अशा अपिलांतूनच घडला. १९९४ आणि १९९९ साली पंजाब सरकारच्या अपिलांवरूनच झडतीच्या हक्काची व्याप्ती निश्चित झाली. १९९९च्या बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो हक्क सांगणे बंधनकारक ठरविले. २००५ साली हिमाचल प्रदेश सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क माणसाच्या अंगाच्या झडतीपुरता आहे, हातातल्या बॅगेच्या झडतीस तो लागत नाही. फिर्याद नोंदविणाऱ्यानेच तपास केला तर खटला आपोआप बाद होतो, असे २०१८ साली तीन न्यायमूर्तींनी म्हटले होते. २०२० साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरविले. असे प्रश्न वर गेलेच पाहिजेत, कारण त्यांचे उत्तर एका आरोपीपुरते राहत नाही.

दुसरी जात वस्तुस्थितीच्या प्रश्नाची, आणि येथे अपील बहुधा हरते, हरले पाहिजे. राजस्थानातील एका प्रकरणात दोघे जण अफूची बॅग घेऊन सापडले. अधिकाऱ्याने दोघांना मिळून एकच नोटीस दिली. एकाने स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठीही सही केली. आणि कायद्यात नसलेला तिसरा पर्याय, म्हणजे छाप्याच्या पथकातीलच अधीक्षकापुढे झडती देण्याचा, त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाने दोघांस सोडले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ साली न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ते अपील फेटाळले : हक्क प्रत्येकास स्वतंत्रपणे सांगावयाचा असतो, आणि जो अधिकारी पथकात आहे तो त्रयस्थ असू शकत नाही. यात सरकारी वकिलाचा दोष कोणता? वास्तविक कोणताच नाही. ज्या दिवशी ती नोटीस लिहिली गेली त्याच दिवशी खटल्याचा निकाल ठरला होता, आणि तीन न्यायालयांच्या दारांतून ती नोटीस फिरली म्हणून तिच्यात एक अक्षरही वाढले नाही. १९९३ साली गोव्यातील एका जर्मन नागरिकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. चरसाचे दोन तुकडे सापडले होते. रासायनिक तपासणीसाठी एकच पाठविला गेला. दुसरा तुकडा चरसच असणार, असा तर्क न्यायालयाने केला नाही. पाच ग्रॅमांपेक्षा कमी वजनाच्या तपासलेल्या तुकड्यापुरताच गुन्हा मानला आणि शिक्षा वैयक्तिक सेवनाच्या कलमाखाली आणली. ते अपील आरोपीचे होते, सरकारचे नव्हते. पण न पाठविलेला नमुना पुढे कोणत्याही न्यायालयात पाठविता येत नाही, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचित दिसेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. १९७३ साली महाराष्ट्रातून गेलेल्या खुनाच्या एका खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले होते, की संशयाच्या फायद्याची भक्ती अतिरेकास गेली तर दोषी सुटतात आणि समाजाचा कायद्यावरील विश्वास उडतो. ज्या आईचा मुलगा नशेने गेला तिला हा इशारा माझ्या साऱ्या भाषणापेक्षा अधिक खरा वाटेल. मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मी एवढेच म्हणेन, की कृष्ण अय्यर यांचा इशारा न्यायाधीशाच्या मनातील काल्पनिक संशयाला उद्देशून आहे. कटाच्या खटल्यांत बहुधा ज्याची अडचण होते तो संशय काल्पनिक नसतो, तो कागदावर असतो. आणि त्या आईला न्याय द्यावयाचा असेल तर तो तपासी अंमलदाराच्या शिक्षणात, मुद्देमालाच्या कोठडीत आणि कलम ५२-अप्रमाणे दंडाधिकाऱ्यासमक्ष घेतलेल्या नमुन्यांत आहे. अपिलाच्या अर्जात तो फारच थोडा आहे.

अपिलाच्या अर्जाची वाटचालही पाहण्यासारखी असते. सरकारी वकील मत देतो, फाईल जिल्ह्याहून वर सरकते, विधी व न्याय विभागात तिच्यावर टिपणे चढतात; केंद्रीय यंत्रणेचा तपास असेल तर ती दिल्लीकडे जाते. मुदत नव्वद दिवसांची. ती उलटली, की विलंब माफ करावा म्हणून वेगळा अर्ज, आणि त्या अर्जातील कारणे म्हणजे फाईलचाच प्रवासवृत्तांत. इकडे सुटलेला मनुष्य अगदी मोकळा नसतो. २००९ साली १९७३च्या संहितेत कलम ४३७-अ म्हणून अंमलात आलेल्या आणि नव्या संहितेतही टिकलेल्या तरतुदीप्रमाणे, वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहीन असा सहा महिन्यांचा मुचलका त्याने दिलेला असतो. अपील दाखल झाले तर उच्च न्यायालय त्याला पुन्हा अटक करवू शकते. आणि दोषमुक्ती फिरली तर व्यापारी प्रमाणाच्या मालात शिक्षा दहा वर्षांहून कमी असूच शकत नाही. म्हणून अशा मनुष्यास सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील करता येते, कोणाच्या परवानगीवाचून. हक्काचे अपील देण्याची वेळ आणावी इतका मोठा आघात ज्या निर्णयाने होतो, तो निर्णय मागण्यापूर्वी सरकारने फाईलवर किमान एवढे लिहावे, की खालच्या न्यायाधीशाचे मत अशक्य कोटीतील का होते. केवळ आपल्याला ते पटत नाही, हे लिहिणे पुरेसे नाही. आणि अपील न करण्याचा निर्णय झाला तर त्याचीही कारणे लिहावीत, म्हणजे पुढील छाप्यात तीच चूक टळेल.

शेवटी एका विशेष अडचणीचा उल्लेख करतो, कारण कटाच्या अपिलात ती हमखास उद्भवते आणि सरकारी टिपणांत मात्र ती क्वचित आढळते. पाच आरोपी सुटले, आणि सरकारने खर्च व वेळ वाचविण्यासाठी फक्त म्होरक्याविरुद्ध अपील केले, असे समजा. उच्च न्यायालयात उभे राहताच बचावाचा वकील १९५५ सालचा, मुंबई राज्यातून गेलेला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पुढे करील. आयात-परवान्यांसाठी खोटी कागदपत्रे वापरल्याच्या त्या खटल्यात चौघांवर कटाचा आरोप होता आणि तिघे सुटले. तेव्हा एकट्या चौथ्याला कटाबद्दल शिक्षा देता येणार नाही, कारण एकट्याने कट होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आरोपपत्रात त्या चौघांखेरीज इतर अज्ञात इसमांचा उल्लेख असता, तर गोष्ट निराळी झाली असती. सरकारी वकिलास मग आपल्या म्होरक्याने कट कोणाशी केला, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर तो अपिलाच्या अर्जात शोधू लागतो; परंतु "व इतर अज्ञात इसम" हे चार शब्द आरोपपत्र तयार करणाऱ्या अंमलदाराने वर्षांपूर्वी लिहिलेले नसतील, तर ते तेथे सापडत नाहीत.